त्रेसष्ट घरांचा एकच नंबर

स्क्रीनवर लाल पट्टी आली तेव्हा साडेदहा वाजले होते आणि समोर लक्ष्मव्वा बसली होती. "खाते स्थगित. संशयास्पद वापर." मी परत लॉगिन केलं. परत तेच. दुसऱ्या एका घराचं खातं उघडून पाहिलं. तेही बंद.

लक्ष्मव्वा बेळगावकडची. नवरा मोप्याला विमानतळाच्या कामावर गवंडी, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हे कुटुंब आमच्याच वाड्यावर राहायचं. मुलीला नर्सिंगची सीट मिळाली होती. रहिवासी दाखला संध्याकाळी पाचच्या आत कॉलेजला अपलोड करायचा होता. दाखला मंजूर होऊन खात्यात पडलेला. फक्त उतरवून घ्यायचा होता.

"अक्का, झालं काय?"

"होतंय गे. बस तू."

मी बस म्हटलं खरं, पण काय झालंय ते मला कळलं होतं.

पेडण्यातल्या आमच्या गावात मी बारा वर्षं सेवा केंद्र चालवलं. सरकारी अर्ज, दाखले ऑनलाइन करून द्यायची जागा. शिक्षण माझं दहावी. कॉम्प्युटर चुकत चुकत शिकले, शिकवायला कोणी नव्हतं. तर या कामात प्रत्येक घराचं वेगळं खातं असतं आणि त्याला एक मोबाइल नंबर जोडतात. त्या नंबरवर ओटीपी येतो, म्हणजे एकदाच चालणारा आकडा. तो भरला की सरकार समजतं, माणूस तोच आहे.

पण नंबर देतो कोण! पठारावर विमानतळासाठी आधी मोजणीवाले आले, मग नोटिसा आल्या, मग जमिनी गेल्या. तेव्हापासून सरकारी कागदावर काही लिहून द्यायचं म्हटलं की आमच्याकडे माणसं हात मागे घेतात. भिकू मास्तर, निवृत्त शिक्षक, गाव त्यांचं ऐकायचं, त्यांनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं, "तांकां आमचो नंबर कित्याक जाय? आज नंबर, फाल्यां घर. सुनंदाबाय, तुझोच घाल."

आज नंबर दिला तर उद्या घर मागतील, ही त्यांची भीती. मी माझा नंबर घातला. मग त्यांच्या शेजाऱ्यांसाठी घातला. मग मागेल त्याला. अशी त्रेसष्ट घरं झाली, सगळ्यांचे ओटीपी माझ्या फोनवर. त्यांचा सरकारवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता. खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

नवा सुरक्षेचा नियम आला होता की एका नंबरवर एकाच कुटुंबाचं खातं. ईमेल मी वाचलाही होता. सोमवारी बघू म्हटलं आणि असे कित्येक सोमवार गेले.

मी वरच्या ऑफिसात फोन लावला. साहेब तरुण होते, पण आवाज कोरडा.

"बाई, एका फोनवर त्रेसष्ट खाती! इथून बघितलं तर तुम्ही अख्ख्या गावाची ओळख चोरून बसलाय."

"चोरली नाही हो. त्यांनीच आणून दिली."

"चोरही तेच सांगतात."

मी लक्ष्मव्वाचं सांगितलं. त्यांनी मुदतीची वेळ विचारून घेतली. मग म्हणाले, "नंबर बदलायचं पान तेवढं उघडून देतो, बाकी सगळं बंद. तीनच्या आत दहा घरांची माणसं आपापला फोन घेऊन केंद्रात येऊ देत. अंगठा लावतील, आपला नंबर घालतील, माझ्याशी बोलतील. मग मी लिहीन की ही चोरी नव्हे. नाहीतर चौकशी संपेपर्यंत कोणाचंच खातं उघडणार नाही."

लक्ष्मव्वाने तिथल्या तिथे अंगठा लावला. एक झाली. मी शटर अर्धं ओढलं आणि घरोघरी निघाले.

पहिल्या चार घरांत नकार. "मास्तरांक विचार." मास्तर सोप्यात पेपर वाचत होते.

"म्हणजे फसलीस तू, आणि नंबर आमचो?"

"मास्तर, त्या पोरीची सीट जाईल."

"वायट दिसता. पण सरकाराचो भरवसो ना." वाईट त्यांना खरंच वाटत होतं, पण जागचे हलले नाहीत.

एक वाजून गेला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मी फोन काढून त्यांच्या हातात दिला. त्यांच्या खात्याचे सगळे मेसेज त्यात होते.

"वाचा. तुम्ही वाटणीसाठी जमिनीचा सर्व्हे प्लॅन मागवलात. धाकट्या भावाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. उद्या माझ्या मनात आलं तर तुमच्या नावाने मी कसलाही अर्ज करीन. ओटीपी माझ्याकडेच येतो."

त्यांनी चष्मा काढला. आतल्या दाराकडे बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना.

"म्हणजे आमच्या घराची चावी इतकीं वर्सां तुझ्याकडेन?"

"तुम्हीच दिली होती."

ते उठले, शर्ट घातला आणि माझ्या पुढे चालायला लागले. वाटेत प्रत्येक दारात थांबून एवढंच म्हणत होते, "आपापलो फोन घेयात आनी चला." का, ते त्यांनी एकालाही सांगितलं नाही. तीनला पाच कमी असताना केंद्रात बारावा अंगठा लागला. शेवटच्या माणसाने फोनवर साहेबांनाच उलट विचारलं, "तूं कोण? तुझो नंबर दी पळयां!" साहेब हसले. मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच हसताना ऐकलं.

खाती चार वाजून दहा मिनिटांनी उघडली. दाखला साडेचारला कॉलेजच्या पोर्टलवर चढला. लक्ष्मव्वा माझा हात घट्ट धरून बसली. मला लेखी ताकीद मिळाली, ती रास्तच होती. उरलेल्या घरांनीही मग आपापले नंबर घातले.

पुढच्या आठवड्यात मास्तर उताऱ्यासाठी आले. त्यांच्या फोनवर ओटीपी आला. त्यांनी तो तळहाताने झाकला आणि मला म्हणाले, "सुनंदाबाय, मात्शें तिकडे पळय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्यांनी एकेका बोटाने आकडे दाबले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमलं. मला लागलं, नाही कशाला म्हणू? सरकारवर गावाचा विश्वास त्या दिवशी वाढला नव्हता. माझ्यावरचा तेवढा कमी झाला होता. आणि केंद्राचं काम तिथून पुढे नीट चाललं.