मंदाची पाळी

शहात्तर साली भिवंडीजवळच्या शेलारात बालवाडी निघाली आणि बौद्धवाडीतल्या कलावतीला तिथं बाई म्हणून नेमलं. जागा मात्र ठकुबाईंची, त्यांच्या पडवीत. मोठ्या घरच्या ठकुबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, "आपलं-परकं केलंस, तर पडवी बंद."

हा इशारा कलावतीला नेमका लागला. कारण तिची स्वतःची मुलगी मंदाही याच बालवाडीत येणार होती. नवरा भिवंडीत कापडाच्या लूमवर कामाला. पोरीला घरी सांभाळणार कोण?

अंगणातल्या आंब्याला झोपाळा होता. त्यावरून मुलं भांडायची. कलावती समजावायची, "काल जो शेवटी बसला, तो आज पयला. मग कुणावर अन्याय न्हाय." मुलांना पटलं. मंदाला मात्र ती रोज रांगेच्या टोकाला उभी करी. कुणी बोट दाखवायला नको. मंदाची पाळी येईतो बहुतेकदा घरी जायची वेळ होई.

मंदा कधी रडली नाही. एकदा जेवताना तिनं हळूच विचारलं, "आई, मी काय केलं गं?"

कलावतीनं तिच्या ताटात आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी रांग लागताना चिमुरडी तुळजा मोठ्यानं म्हणाली, "बाई, मंदा काल शेवटी व्हती. आज ती पयली."

"ती माझी पोरगी हाय गं," कलावती पुटपुटली.

"मग तिला पाळी न्हाय?"

ओट्यावर तांदूळ पाखडणाऱ्या ठकुबाईंचं सूप थांबलं. त्यांचा नातू रघूही रांगेतच होता. कलावतीनं ओट्याकडे पाहिलं. नोकरी जाईल, बालवाडी जाईल. तरी तिनं मंदाला उचलून झोपाळ्यावर बसवलं. भेदरलेली मंदा खाली उतरू बघत होती.

"बस. तुझीच पाळी हाय. माझंच चुकत व्हतं."

ठकुबाई उठल्या. रघूचा हात धरून त्याला आत घेऊन गेल्या.

रात्रभर कलावतीचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी ती धास्तावतच गेली. अंगणाचं फाटक उघडं होतं. ठकुबाईंनी रघूला पुढं केलं. "ह्याला आज पयला बसव."

कलावती रांगेकडे वळली. "काल लडकू शेवटी व्हता, काकी. पयला त्यो. मग रघू."

"बरं," म्हणून ठकुबाई आत गेल्या. त्या 'बरं'मध्ये राग होता की पसंती, ते कलावतीला कळलं नाही. बालवाडी पुढं कैक वर्षं तिथंच चालली. पण ते फाटक उघडं दिसेपर्यंत तिच्या जिवाला रोज घोर असायचा.