न लागणारी सही

संसद दिल्लीत आहे असं शाळेत शिकवतात, ते अर्धवट आहे. तिचं एक सभागृह आमच्या सिल्वासात, डोकमर्डीला तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत भरतं, आणि त्याचे अध्यक्ष, सदस्य, सचिव आणि विरोधी पक्ष मिळून एकच गृहस्थ आहेत. ते माझे व्याही. माझी थोरली मुलगी त्यांच्या घरात दिली आहे म्हणून त्यांच्याशी भांडता येत नाही, नाहीतर मी कोणाला सोडणारा माणूस नाही. शिरपूरकडून रिकाम्या हातानं आलो, नरोलीत दुसऱ्याच्या मशीनवर उभा राहिलो, आज पुठ्ठ्याचे खोके बनवायचा माझा स्वतःचा कारखाना आहे, आणि हे सगळं तोंडाच्या जोरावर केलं आहे. समोर माणूस बसला की मी त्याला खाली आणतोच. पण या व्याह्यांनी मला लग्नाच्या बैठकीतच चीत केलं. मी आठ दिवस तयारी करून गेलो होतो. ते काय मागतील, मी काय तोडून टाकीन, कुठे रागावून उठल्यासारखं करीन, सगळं ठरलेलं. आणि यांनी काहीच मागितलं नाही! "आमची काही अट नाही. फक्त जे ठरेल ते लेखी असावं," एवढंच बोलून ते पोहे खायला लागले. समोरचा मागतच नाही म्हटल्यावर मी नाकारणार काय? तो राग अजून माझ्या पोटात आहे.

व्याही मूळचे राजापूरकडचे. सगळी नोकरी इथल्या सरकारी कचेरीत, कायद्याच्या फायली लावण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एक विचार बसला तो आजतागायत उठलेला नाही. "व्याही, राज्यांना विधानसभा असते," ते मला बोट वर करून सांगतात. "आपण केंद्रशासित, आपल्याला नाही. आपला कायदा दिल्लीत होतो. आपला एकुलता एक खासदार तिथे किती विषयांवर बोलणार? मग छाननी कोणी करायची?" छाननी अर्थात तेच करतात. दर रविवारी दहा वाजता गॅलरीत खुर्ची टाकून, चष्म्याला दोरी बांधून, नवा कायदा किंवा नियम मोठ्यानं वाचतात आणि हरकती नोंदवतात. सोसायटीत पाणी उशिरा आलं तेव्हा त्यांनी पंप चालवणाऱ्याची रीतसर साक्ष घेतली. तो बिचारा ओडिशाचा. "बाबूजी, मोटर जल गया," एवढंच त्याचं म्हणणं. ते यांनी दोन पानांत उतरवून त्याला वाचून दाखवलं, त्याची सही घेतली, आणि तोवर खालचा नळ येऊन गेला. घरात आमच्या विहीणबाईंनी भाजीत मीठ कमी पडल्याचं कबूल केलं तरी हे म्हणतात, "नोंद घेतली." माझ्या मुलीनं सुरुवातीला रडून फोन केले होते. आता तीच म्हणते, "बाबा, आत्ता नको, सासऱ्यांचं अधिवेशन चालू आहे." दिल्लीला ते किती निवेदनं पाठवतात याला सुमार नाही. उत्तर म्हणून कधी आपलं पत्र मिळालं अशी एक ओळ येते. ती ते लॅमिनेट करून ठेवतात.

मी हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मग सुनंदाचं प्रकरण आलं. सुनंदा हे नाव मी ठेवलेलं आहे, आणि तिच्याबद्दलच्या दोनचार गोष्टीही मुद्दाम बदलल्या आहेत. का, ते पुढे कळेल.

सुनंदा माझ्याकडे पॅकिंगला. साक्रीकडची, दोन लेकरं, नरोलीत भाड्याची खोली. नवरा सुरतेला दुसरं घर करून बसला आणि फोन बंद करून टाकला. त्यानंतर हिच्या लक्षात आलं की दिवस गेलेत. तांबी बसवलेली होती, म्हणून तिला बरेच दिवस शंकासुद्धा आली नाही. ती एकटीच गर्भपातासाठी सरकारी दवाखान्यात गेली. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, "पति का साइन?" नाही म्हटल्यावर परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेली, परत पाठवलं. तिसऱ्यांदा तिला सांगितलं, "सासू नहीं तो जेठ को लाओ, कोई तो मरद लाओ." तेव्हा ती माझ्या बायकोपाशी बसून रडली. सोनोग्राफीत अठरा आठवडे निघाले होते. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पुढे दोन डॉक्टर लागतात आणि कारणं मोजकीच चालतात. म्हणजे हातात पंधरा दिवससुद्धा नव्हते. "भाऊ, तो माणूस मला सापडत नाही, त्याची सही कुठून आणू?" ती मला म्हणाली.

मी स्वतः त्या खिडकीवर गेलो. गोड बोललो, आवाज चढवला, ओळखी सांगितल्या. खिडकीचं एकच: "रूल है." कोणी केला? "ऊपर से है." वर कोण? ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी आयुष्यभर भाव केला तो माणसाशी. इथे माणूसच नव्हता, नुसती खिडकी होती. सांगतो, त्या दिवशी मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

तेव्हा मी माझ्या पद्धतीनं मार्ग काढला. आमच्या सुपरवायझरला म्हटलं, तू नवरा म्हणून सही ठोक, मी बघून घेतो. तो घाबरत का होईना, तयार झाला. रविवारी व्याह्यांकडे गेलो असताना सहज बोलून गेलो, आणि त्यांच्या हातातला कप बशीत आपटला.

"खोटी सही?" ते म्हणाले. "आणि तीसुद्धा न लागणारी?"

"न लागणारी म्हणजे?"

त्यांनी कपाटातून कायदा काढला. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नाही, सासूची नाही, जेठाची तर नाहीच. संसदेनं हे केव्हाच ठरवून ठेवलं होतं, आणि आमच्या गावची एक खिडकी संसदेला मोडीत काढत होती! मला वाटलं, आता हे उठतील. तर यांनी नवा कागद घेतला आणि समास आखायला सुरुवात केली. नेमकी तेव्हा संसदेची एक समिती या कायद्याखालच्या नियमांची छाननी करत होती आणि लोकांकडून निवेदनं मागवत होती. "व्याही, असं उदाहरण समितीपुढे गेलंच पाहिजे," ते आनंदानं म्हणाले. "चाळीसेक परिच्छेद होतील. बाईंची साक्ष परिशिष्टात घेऊ."

माझा तोल गेला. मुलीच्या सासरी, मुलीदेखत, मी ओरडलो. "अहो, तिचे दिवस भरत चाललेत आणि तुम्ही परिच्छेद कसले मोजता? तुमची समिती जमेल, चहा पिईल, तोवर ती बाई बाळंत होईल! कायदा एवढा पाठ आहे तर त्या खिडकीला जाऊन सांगा की! दिल्ली लांब आहे, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर आहे!"

विहीणबाई दारात थबकल्या. व्याह्यांनी पेनला टोपण लावलं. "मुद्दा ग्राह्य आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, कायद्याची प्रत खाकी पाकिटात घेऊन सुनंदाबरोबर रांगेत उभे होते. मी मागे. खिडकीवरच्या बाईनं तेच विचारलं. व्याही म्हणाले, "बहनजी, हा नियम मला लेखी द्या. कोणत्या कलमाखाली ते लिहा, खाली आपली सही करा. मी थांबतो." आवाज रविवारी गॅलरीत असतो तेवढाच. ती म्हणाली, "काका, आप इसके कौन हो?"

"कोणी नाही," व्याही म्हणाले. "हिला इथे कोणीही असण्याची गरज नाही. तेच तर सांगायला आलो आहे."

बाई आत गेली. दुसरी बाहेर आली, मग एक साहेब. व्याही प्रत्येकाला तेच कलम, त्याच सुरात, पहिल्यापासून वाचून दाखवत होते. मागची रांग कुरकुरली, मग ऐकायला लागली. अखेर एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या, प्रत हातात घेऊन उभ्या उभ्या वाचली आणि सुनंदाला विचारलं, "तुम्हारी मर्ज़ी है?" चार खेपांत पहिल्यांदा कोणी तरी तिला विचारत होतं. सुनंदानं मान हलवली. "फिर अंदर आओ." त्याच आठवड्यात ती त्यातून मोकळी झाली.

निवेदन व्याह्यांनी नंतर लिहिलंच. एवढं धारदार त्यांनी आयुष्यात काही लिहिलं नसेल. नाव कुठेच नव्हतं. तरी पाठवण्याआधी त्यांनी सुनंदाला बोलावून ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आजोबा, नरोली काढा." काढली. "पॅकिंग काढा. दोन पोरं काढा. सुरत काढा, आमच्या गल्लीत लगेच कळंल." कायदाही बाईची ओळख गुप्तच ठेवायला सांगतो. व्याह्यांनी एकेक ओळ खोडली. जन्मभर साक्षी गोळा करणारा माणूस आपली सगळ्यात भक्कम साक्ष आपल्याच हातानं पुसत होता. चाळीस परिच्छेदांचे चार उरले. ते दिल्लीला गेले. आपलं पत्र मिळालं एवढंही अजून आलेलं नाही.

आणि खिडकी? महिना झाला नाही तोच दुसऱ्या एका बाईला तिथूनच परत पाठवलं, त्याच सहीसाठी. म्हणजे आम्ही एक नग सोडवून आणला, भाव काही बदलला नाही. याची मला चीड येते. देशाच्या संसदेनं केलेला कायदा आमच्या गावात लागू व्हायला एका म्हाताऱ्यानं बाकड्यावर जाऊन बसावं लागतं. कारण व्याही आता दर मंगळवारी तिथे जाऊन बसतात, पाकीट मांडीवर घेऊन. गुडघे दुखतात, तरी जातात. खिडकीवरची बाई त्यांना लांबून पाहूनच फॉर्म पुढे सरकवते म्हणे. ते नसतात त्या दिवशी काय होतं, ते मला विचारू नका.

परवा कारखान्यात आले होते, नातवाच्या वह्यांना खोका हवा म्हणून. सुनंदा टेबलाशी टेप लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. हेही सरळ पुढे गेले, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. फाटकापाशी मात्र रेंगाळले.

"तब्येत बरी आहे ना तिची?"

"तुम्हीच विचारा की," मी म्हटलं. "आत आहे."

"नको," ते म्हणाले. "चार बायका बाजूला बसलेल्या आहेत. उद्या विचारतील, हे आजोबा तुझे कोण."

खोका काखेत धरून ते स्कूटरकडे गेले. मी आत येऊन सुनंदाला फाटकापर्यंत ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारलं, बरी आहेस ना ग? ती म्हणाली, "बरी आहे भाऊ. का?" काही नाही, म्हटलं, आणि परत फाटकाकडे वळलो. त्यांची स्कूटर अजून सुरू होत नव्हती.