सुपारी

जमीन मोजणं हा माझा धंदा. जुन्नरला माझं खासगी मोजणीचं ऑफिस आहे, एक खोली आणि पुढे पत्र्याची शेड. सरकारी मोजणी वेगळी. माझ्याकडे लोक येतात ते घरातल्या घरात वाटणी करायला, विहिरीची जागा ठरवायला, प्लॉट पाडायला. मशीन लावायचं, रीडिंग घ्यायची, कॉम्प्युटरवर उतरवायची, नकाशा काढायचा. मग मशीनची मेमरी मोकळी करून दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला.

एकदा कॉम्प्युटर बसला आणि महिन्याभराचं काम गेलं. त्यानंतर मी शहाणी झाले. म्हणजे तसं मला वाटलं. एका कागदावर आपत्तीचं नियोजन लिहून काढलं आणि टेबलासमोर चिकटवलं. एक प्रत कॉम्प्युटरमध्ये, दुसरी ऑफिसच्या हार्ड डिस्कवर, तिसरी पिंपळवंडीला घरच्या कपाटात. खाली आग, पाणी, चोरी, वीज यांपैकी काय झालं तर काय करायचं ते. नवऱ्याने वाचून विचारलं, "बिबट्या न्हाई लिहिला?" इंटरनेटवर मात्र मी तेव्हा काहीच ठेवत नव्हते. इकडच्या रेंजचा भरवसा नाही, असं सांगायचे. खरं कारण आळस.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी निमगाव सावाच्या एक बाई आल्या. नवरा चाकणला कंपनीत, शेती ह्याच बघतात. रस्त्यापासून त्यांच्या विहिरीपर्यंत दिराच्या बांधाकडेने आठ फुटांची वाट होती. सरकारी नकाशात ती वाट नव्हतीच, घरात तोंडी ठरलेली. बाईंना ती कागदावर हवी होती. मी गेले. दीर स्वतः उभा राहिला, बांध कुठे आहे ते त्यानेच दाखवलं. दोघांसमोर मोजणी झाली, तक्रार कोणाचीच नव्हती.

चार दिवसांनी बाई ऑफिसात आल्या. "ताई, कागद द्या की."

"दसऱ्यानंतर या. प्रिंटर बिघडलाय. कॉम्प्युटरमध्ये सगळं आहे, कुठे जात नाही."

प्रिंटर बिघडला नव्हता. शाई संपत आली होती आणि बाजारात जायचा मला कंटाळा आला होता.

खंडेनवमीला ऑफिसात पूजा मांडली. मोजणीचं मशीन, टेप, कुदळ, कॉम्प्युटर, डिस्क. सकाळी घरून निघताना सासूबाई म्हणाल्या, "आन् ती कपाटातली? ती बी मशीनच ना? तिला एकटीला बिनपूजेची ठेवती व्हय?"

मला हसू आलं. पण डिस्क पिशवीत घातली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

तीन प्रती एका पाटावर आल्या. हळद-कुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आमच्याकडे पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत. म्हणून संध्याकाळी कुलूप लावताना घरची डिस्क तिथेच राहिली. शेडला लावलेली लाइटची माळही चालू राहिली, एक्स्टेन्शन बोर्डावर, पडद्याजवळ.

दसऱ्याला सकाळी शेजारच्या वेल्डिंगवाल्या चाचांचा फोन आला. मी पोचेपर्यंत त्यांनी कुलूप तोडून बादल्या ओतल्या होत्या. पाटाचा कोळसा झाला होता. मशीनचा डबा वितळून कॉम्प्युटरला चिकटला होता. भिंतीवरचा नियोजनाचा कागदही गेला. त्यात सगळं होतं. खंडेनवमी नव्हती.

बाकीच्या लोकांची कामं मी भाड्याचं मशीन आणून पुन्हा केली. बांध जागेवर होते, रीडिंग परत मिळाली. निमगाव सावाला मला सगळ्यात आधी जायला हवं होतं. गेले शेवटी. माझं ऑफिस जळाल्याची बातमी तोवर सगळीकडे झाली होती आणि दिराने नांगर घातला होता. बांध पाच फूट सरकला होता.

मारुतीच्या पारावर बैठक बसली. मला बोलावलं. एक म्हातारे म्हणाले, "मोजलं तुमी व्हतं. सांगा, बांध कुठं व्हता."

"आठ फुटांची वाट होती. मी मोजली आहे."

दीर शांतपणे म्हणाला, "कागद दाखवा ना ताई. मी कुठं नाय म्हणतो."

"ऑफिसला आग लागली."

"आमच्या आज्यानं हद्दीला दगड रोवला व्हता," म्हातारे म्हणाले. "त्यो पाण्याच्या पाटाच्या आड आला म्हणून काढला, म्होरं मशीनवर मोजू म्हणले. दगड जळाला नसता, ताई."

लोक हसले. मीही हसल्यासारखं केलं. वाट तीन फूट ठरली, चालण्यापुरती.

आता टोमॅटोचा पिकअप विहिरीकडे जात नाही. बाई एकेक क्रेट डोक्यावर घेऊन रस्त्याला आणतात. दोन तोड्यांनंतर मी त्यांना गाठलं. त्या क्रेट उतरवत होत्या. मी म्हटलं, "आग लागली हे खरं. पण एक प्रत माझ्या घरी असायची. ती मीच पूजेला ऑफिसात आणली. आणि प्रिंटर बिघडला नव्हता, शाई संपत आली होती."

त्यांनी क्रेट नीट लावला. चुंबळ काढून झटकली.

"पूजेला आणाया लागती व्हय ती?"

"सासूबाई म्हणाल्या."

"मग सुपारी ठेवायची की. बायको माहेरी आसली तर गडी कमरेला सुपारी खोचून पूजेला बसतो ना? त्यात देव रागावतोय व्हय?"

हे मला माहीत होतं. माझ्याच लग्नानंतर एका सत्यनारायणाला नवरा तसा बसला होता.

"आन् शाई न्हवती तर तसं सांगायचं," त्या म्हणाल्या. "हातानं काढून दिलं असतं तुमी. दिरानं तवा सहीबी केली असती."

एवढं बोलून त्या पुढच्या क्रेटसाठी वळल्या. मी मागोमाग गेले आणि एक क्रेट उचलला. त्यांनी थांबवलं नाही, या असंही म्हटलं नाही. त्या वाटेने दोघींना शेजारी चालता येत नाही.

आता मोजणी संपली की बांधावरच हाताने नकाशा काढते, दोघांच्या सह्या घेते, प्रत तिथेच देते. एक डिस्क घोडेगावला बहिणीकडे असते, एक प्रत इंटरनेटवर चढते. खंडेनवमीला डिस्कच्या जागी पाटावर सुपारी ठेवते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी बघितलं आणि तिला कुंकू लावलं. हरकत घेतलीच नाही.