सुट्टीची अट

मंदाकिनीताईंचे शेवटचे तीन फोन माझ्या स्क्रिप्टनं कापले.

आज पाडवा. वर्ष झालं.

ताई आमच्या हॉस्पिटलच्या टेलिफोन ऑपरेटर. पंचवीसेक वर्षं त्याच खुर्चीत. त्या रिटायर झाल्या आणि नवी कॉम्प्युटरवरची फोन सिस्टीम आली. कुठला कॉल कुठं पाठवायचा, त्या अटींची स्क्रिप्ट, म्हणजे डायलप्लॅन, मी लिहिली.

रिटायर होऊनही ताई आठवडाभर येऊन शेजारी बसल्या. हडको कॉलनीतून रिक्षानं. डबा घेऊन.

"नितीन, घाबरलेला माणूस नीट ऐकत नाय. त्याला लई बोलायला लावू नको."

गेल्या पाडव्याच्या आधी मी एक अट वाढवली. सुट्टी असेल तर 'आज ओपीडी बंद आहे' ऐकवायचं आणि कॉल संपवायचा.

ती मी सगळ्यात वर टाकली.
'ॲम्ब्युलन्ससाठी एक दाबा' तिच्या खाली राहिलं.

स्क्रिप्ट वरून खाली वाचली जाते. वरची अट लागू झाली की खालपर्यंत कॉल पोचतच नाही.

टेस्ट केली मंगळवारी. सुट्टी नसलेल्या दिवशी. सगळं ओके.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरून विचारलं, "सर, काल ॲम्ब्युलन्सचा एकपण कॉल कसा नाय?"

लॉग उघडला. बरेच कॉल कापले गेलेले. त्यात एकच नंबर लागोपाठ तीनदा.

नंबर मला पाठ होता.

मी ताईंना फोन लावला. त्यांच्या मुलानं, विनायकनं उचलला.
"आई गेली रे काल. अटॅक."

मी दोन ओळींची अदलाबदल केली. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.
मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

तेराव्यानंतर विनायककडं गेलो. सगळं सांगितलं.

तो मग म्हणाला,
"मला माहितीये."

"कसं?"

"दुसरी गाडी बोलवू म्हणलं, तर आई म्हणली, आपल्या हॉस्पिटलचाच नंबर लाव. तिसऱ्यांदा तिनं स्वतः फोन कानाला लावला. ऐकलं आणि म्हणली, नितीननं सुट्टी वर टाकली वाटतं. सांग त्याला. ओरडू नको."

छातीत कळ येत असताना बाईनं माझी चूक शोधली होती.

शेवटी रिक्षानं नेलं. डॉक्टर विनायकला म्हणाले, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तरी फरक पडला नसता.

खरं असेल.
मला अजून ते धड पटत नाही.

"आई म्हणली म्हणून ओरडलो नाय तुझ्यावर," विनायक म्हणाला. "नायतर ओरडलो असतो."
चहा केला त्यानं.

आज सकाळी घरून हॉस्पिटलचा नंबर लावला. एक दाबलं.
"ॲम्ब्युलन्स, बोला." नवीन मुलगी.
मला बोलताच येईना.
"हॅलो? घाबरू नका, पत्ता सांगा."
मी फोन ठेवला.

ऑफिसात मी सगळ्यांना सांगितलं होतं, सिस्टीममध्ये ग्लिच होता.

ग्लिच नव्हता. माझी चूक होती.
वर्षभर लपवलं, आज सगळ्यांसमोर लिहितोय.

मंदाकिनीताई, तुम्हाला मनापासून नमस्कार.