समोरचं बेट

माकणीच्या धरणावर जॅकवेल चालवायची माझी नोकरी. जॅकवेल म्हणजे धरणातली गोल, उंच विहीर. तिच्यातले पंप पाणी उपसून शहराकडं ढकलतात. काठापासून तिथवर लांबलचक अरुंद पूल आहे. पाणी उतरलं की समोर वाळू-मुरमाचं एक बेट उघडं पडतं. गेल्या उन्हाळ्यात त्यावर नदीसुरय पक्षी उतरले. काळं डोकं, पिवळी चोच, शेपटीला दोन लांब टोकं.

घरटं म्हणजे नुसता वाळूतला खळगा. पाण्याच्या पातळीची पट्टी वाचायला ठेवलेल्या जुन्या दुर्बिणीतून मी अकरा मोजले. भर दुपारी एक पक्षी अंड्यांवर उभा राहून सावली धरायचा. दुसरा पाण्यावर पोट घासून यायचा आणि तसाच ओला अंड्यांवर बसायचा. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा डबा तसाच राहिला.

धरणात मासे धरणारे एक म्हातारे मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून पुलाखाली यायचे. एक दिवस म्हणाले, "आपरेटर, बेटाच्या मागल्या अंगाला गुडघाभरच पाणी ऱ्हायलंय. आठ दिसांत कुत्री चालत जातील."

पट्टी मीच रोज वाचत होतो, पण आकड्याचा असा अर्थ माझ्या लक्षातच आला नव्हता. पाणी उतरत होतं, त्यात माझ्या पंपांचाही वाटा होता.

मी साहेबांना फोन केला. चार-पाच दिवस एकच पंप चालवला तर चालेल का, विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "शहराला आठ दिवसांआड पाणी जातंय. कुठली गल्ली बंद करू, तुम्हीच सांगा."

दोन्ही पंप चालूच राहिले. त्याच शहरात माझी बहीण राहते. संध्याकाळी तिचा फोन आला. "दादा, उद्या आमच्याकडं पाणी हाय ना? पिंप तळाला गेलंय."

"हाय," मी म्हणालो.

सुट्टीच्या दिवशी मामा आणि मी फावडी घेऊन त्या मागल्या अंगाला गेलो आणि आडवा चर खणला. पक्षी डोक्यावर सूर मारत होते. एकानं मामांची टोपी उडवली. मी हात उगारला तर मामा म्हणाले, "हाणू द्या. तिच्या जागी म्या असतो तर म्याबी हाणलं असतं." चरात पाणी आलं, पण दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी तळाला नुसता चिखल होता.

तोवर पिल्लं निघाली होती. वाळूच्याच रंगाची. हलली तरच दिसायची.

मग एका सकाळी मला दोन कुत्री चर ओलांडताना दिसली. मी पुलावरून ओरडलो, पण पंपांच्या मोटारींच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. दोन्ही पंप बंद केले आणि पळत सुटलो. काठाकाठानं बेटापर्यंत अर्धा तास लागतो. सगळा थवा वर कालवा करत होता आणि मी अजून बाभळींतच होतो. पोहोचलो तेव्हा कुत्री परत निघाली होती. एकाच्या तोंडात काहीतरी होतं. दगड मारला, तो लागला नाही.

खळगे रिकामे होते. तेवढ्यात मामा तराफा वल्हवत आले आणि त्यांनी पाण्याकडं बोट दाखवलं. एक पिल्लू पोहत होतं, डोकं तेवढं वर.

"घेऊ का उचलून?"

"न्हाय. हात लावू नका. आई वर हाय त्याची."

आम्ही बघत उभे राहिलो. ते पलीकडच्या काठाला लागलं आणि झुडपांत दिसेनासं झालं.

पंप बंद होते त्या तास-दीड तासात बहिणीच्या गल्लीचं पाणी कमी पडलं. तिनं विचारल्यावर मी खरं ते सांगितलं. ती म्हणाली, "किती वाचली?"

"एक. बहुतेक."

"आमचं पिंप अर्धंच भरलं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळं मला जास्तच लागलं. दोन्ही बाजूंनी माझ्या हातून काहीच धड झालं नव्हतं.

थवा दोन दिवसांत निघून गेला. एक मादी मागं राहिली, किंवा नर असेल, मला ओळखता येत नाही. चोचीत मासा धरून ती पलीकडच्या झुडपांमागं उतरायची आणि रिकाम्या चोचीनं परत यायची. मासा पिल्लानं खाल्ला की तिनंच गिळला, पुलावरून कळायला मार्ग नव्हता. जाऊन बघावं असं रोज वाटायचं. पण माणूस जवळ गेला की ती जागा सोडते, असं मामांनी बजावलं होतं. म्हणून गेलो नाही.

पाचव्या दिवशी ती आली नाही. मी ड्यूटी संपेपर्यंत त्या झुडपांवर दुर्बीण धरून बसलो. पंप चालू होते.