जिनेबाईंच्या दारावरून जाताना

माझ्या मावशीला तिच्या चर्चमधले सगळे जिनेबाई म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते तिलाही माहीत नव्हतं, पण होतं अगदी चपखल. तिला भेटायचं तर तिच्या घरी जाण्यात काही अर्थ नसे. ती कुठल्या ना कुठल्या जिन्यावर सापडायची, एका हातात सुपाचा थर्मास, दुसऱ्या हातानं कठडा धरलेला, धापा टाकत आणि जिना बांधणाऱ्याच्या नावानं बोटं मोडत. तिच्या वस्तीतल्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाहीत. म्हातारी माणसं मात्र नेमकी वरच्या मजल्यांवर राहतात, कारण तरुणपणी ती तिथं राहायला गेली आणि खाली उतरायचं राहूनच गेलं.

मी तिच्या बहिणीची मुलगी. दुसऱ्या शहरात लोकांना गाडी चालवायला शिकवते. ब्रेक सोडून भलतंच दाबणाऱ्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काढली की ओरडणं हा माझा धंदाच झालाय. चर्चला मी जात नाही. मावशीनं त्यावरून मला कधी टोकलं नाही, फक्त प्रार्थनेत माझं नाव घेताना आवाज थोडा मोठा करायची. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर नवल वाटायला नको.

मावशीनं सारी नोकरी एका बुटांच्या दुकानात केली. गिऱ्हाईक खुर्चीत, ही खाली गुडघ्यांवर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दुकानातली नोकरी संपल्यावर चर्चनं तिला घरभेटींचं काम दिलं. बाकीच्या बायका आजाऱ्याकडे जायच्या तेव्हा खुर्चीत बसून वचन वाचायच्या, प्रार्थना करायच्या, चहा घ्यायच्या आणि निघायच्या. मावशी सरळ खाली बसायची आणि पाय बघायची. म्हाताऱ्या माणसाला वाकता येत नाही. नखं वाढतात, आत वळतात, मोज्यात अडकतात, आणि हे पोटच्या मुलाला सांगायचीही लाज वाटते. मावशी टबात कोमट पाणी मागवायची, पाय भिजत ठेवायची, आणि गप्पा मारता मारता एकेक नख कापायची. एकदा पाळकसाहेबांनी उपदेशात यावरून येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याचा दाखला दिला, तर ही घरी येऊन धुसफुसत बसली.

"त्यांना कशातही दाखला सापडतो. मी नखं कापते. बास."

वस्तीत चर्च तीन. एक मावशीचं, बाजारामागचं, लाल विटांचं. तिथं स्वयंपाकघर ऐसपैस आणि माणसं मोजकी. दुसरं बसडेपोजवळचं दगडी. त्याचा हॉल एवढा मोठा की खोकलं तरी घुमतं. तिसरं एका फर्निचरच्या दुकानावर भाड्याच्या जागेत. तिथं तरुण पोरंपोरी, गिटार, आणि सामान वाहायला एक व्हॅन. त्यांना सगळे फर्निचरवालेच म्हणत. तिघांमध्ये भांडण असं नव्हतं, पण सख्यही नव्हतं. रस्त्यात भेटले तर मान हलवायची, आणि मनात म्हणायचं, यांची प्रार्थना वर पोचते की नाही कोण जाणे.

ते एकत्र आले ते मावशीमुळे, आणि तेही जिन्यावर. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे एक म्हातारे होते. मावशी त्यांच्याकडे सूप घेऊन चढत होती, तेवढ्यात वरून दगडी चर्चच्या घरभेटीवाल्या बाई रिकामा थर्मास घेऊन उतरल्या. म्हातारबुवा दोन्हीकडून सूप घेत होते आणि दोघींनाही डोळ्यांत पाणी आणून सांगत होते की माझ्याकडे कुणी म्हणून फिरकत नाही. दोघी हसून हसून पायरीवरच बसल्या. मग समोरचं दार उघडलं. तिथं एक बाई अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला घेऊन राहायच्या. त्यांच्याकडे खरोखरच कुणी फिरकलेलं नव्हतं. त्या कुठल्या चर्चच्या, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

मावशी तिथून जी उठली ती थेट पाळकसाहेबांच्या डोक्यावर जाऊन बसली. पुढं तिन्ही पाळकांना एका टेबलाशी आणेपर्यंत तिच्या नाकी नऊ आले. पण जमलं. विटांच्या चर्चमध्ये सगळ्यांचा स्वयंपाक व्हायला लागला, फर्निचरवाल्यांची व्हॅन डबे पोचवायला लागली, दगडी चर्चच्या हॉलमध्ये संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंची तपासणी. मला चर्चचं काही कौतुक नाही, तरी सांगते, काम चोख होतं. त्या वस्तीत कुणी उपाशी झोपत नव्हतं. घरभेटींसाठी त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. माणूस कुठल्या चर्चचा ते बघायचंच नाही. ज्यांच्या वाट्याला जी गल्ली, त्यांनी तिथलं हरेक दार वाजवायचं, आणि दुसऱ्याच्या गल्लीत लुडबुड करायची नाही. ही युक्तीही मावशीचीच. तिची स्वतःची गल्ली फर्निचरवाल्यांकडे गेली, आणि ती दुसऱ्या गल्ल्यांचे जिने चढत राहिली.

मग तिचं हृदय थकलं. पायांवर सूज आली, डॉक्टरांनी जिना बंद केला. खाटेवरून खिडकी, खिडकीवरून न्हाणी, एवढंच चालणं उरलं. शेजारची मुलगी कामावरून येताना ब्रेड आणि दूध ठेवून जायची. मी रोज फोन करायचे.

"कोण आलं होतं का गं?"

"येतील. कामं असतात सगळ्यांना."

दुसऱ्या आठवड्यातही तेच. "येतील गं." तिसऱ्या आठवड्यात मी विचारलं तेव्हा ती माझ्या शिकाऊ गिऱ्हाइकांची चौकशी करायला लागली. मी सुट्टी टाकली आणि निघाले.

खोली नीटनेटकी होती. हेच बघून मला रडू आलं, कारण उठून एवढं करायला तिला किती वेळ लागला असेल ते दिसत होतं. दाराजवळ दोन खुर्च्या भिंतीला पाठ लावून मांडलेल्या. टेबलावर कप पालथे घातलेले, सहा. ती उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले. मी पांघरूण सारखं करायला गेले तर पाय दिसले. नखं वाढून बोटांवर वळली होती. तिला वाकता येत नव्हतं.

मी पाणी कोमट केलं. टब आणला. ती "राहू दे, राहू दे" म्हणत राहिली आणि मी ऐकलं नाही. मी कापत होते आणि ती छताकडे बघत होती.

"कुणीच आलं नाही ना?" मी शेवटी विचारलं.

"तू कुणाला काही बोलायचं नाहीस," ती म्हणाली. "शपथ आहे तुला माझी."

तिच्या वरच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, अंथरुणाला खिळलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यात पावलं वाजली. मावशीनं मान वर केली. पावलं आमच्या मजल्याशी आली आणि एकदम हलकी झाली, चवड्यांवर चालावं तशी. दारावरून पुढं गेली आणि वरच्या पायऱ्यांवर पुन्हा नेहमीसारखी वाजायला लागली. मावशीनं मान खाली घातली.

"फर्निचरवाल्यांची ती गिटारवाली," ती म्हणाली. "डाव्या बुटाची टाच झिजलीय तिची. चांगली मुलगी आहे. वरच्या आजींना भरवते."

"आणि इथून अशी चोरासारखी जाते?"

"हळू बोल."

मुलगी उतरली तेव्हा मी दार उघडून तिच्यापुढं उभी राहिले. बिचारी दचकली. मी विचारलं तसं तिनं खालच्या आवाजात, अगदी प्रेमानं सांगितलं, "मावशी झोपल्या असतील म्हणून आम्ही आवाज करत नाही. त्यांच्याकडे त्यांच्या चर्चचे लोक येत असतील ना. एवढं मोठं माणूस त्यांचं. आम्ही मध्ये कशाला घुसायचं? बरं दिसत नाही." आणि मावशींना आमचा नमस्कार सांगा, म्हणाली.

मी तडक विटांच्या चर्चमध्ये गेले. पाळकसाहेब स्वयंपाकघरात बटाट्यांची पोती उतरवून घेत होते. माणूस भला आहे, हे सांगितलंच पाहिजे. मावशीचं नाव काढताच त्यांचे डोळे भरून आले.

"दर रविवारी तिन्ही चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना होते," ते म्हणाले.

"भेटायला कोण जातं?"

"ती गल्ली फर्निचरवाल्यांकडे आहे. ते जातातच. आमची माणसं तिथं गेली तर त्यांना वाटेल आमचा त्यांच्यावर भरवसा नाही. मोठ्या मुश्किलीनं जमलंय हो हे सगळं. तुमच्या मावशींनीच घालून दिलेली रीत आहे."

माझ्या तोंडाशी शब्द आले होते. पण शपथ होती. मी दात-ओठ खात परत आले.

आणखी काही दिवस मी तिथं राहिले. ते दिवस मला आठवायला नको वाटतात. सकाळी ती मला केस विंचरायला लावायची. मग बसून राहायची. जिन्यात खुट्ट झालं की मान वर. पेपरवाला, गॅसवाला, खालच्या घरातली शाळकरी पोरं, सगळ्यांची पावलं ती ओळखायची, तरी दर वेळी मान वर व्हायचीच. संध्याकाळ झाली की म्हणायची, "आज नाही जमलं कुणाला." कपांवर धूळ बसू नये म्हणून ती मला ते रोज धुवायला लावायची. मी इथं होते, तिचं सगळं करत होते, पण मी तिची भाची. मी येणारच होते. ती माझी वाट बघत नव्हती.

पाय सुजत चालले होते. डॉक्टर मला बाहेर बोलावून बोलायला लागले होते. आणि गुरुवारी दगडी चर्चच्या हॉलमध्ये तिन्ही चर्चची मिळून बैठक होती, हे मला वरच्या आजींकडून कळलं.

मी गेले. शपथ बिपथ सगळी खुंटीला टांगली. नवीन व्हॅनचं बोलणं चाललं होतं. मी उभी राहिले आणि जे सुटले ते सुटले. तो हॉल घुमतो हे मी आधी सांगितलंय. त्या दिवशी तो चांगलाच घुमला. "तुमच्यातल्या प्रत्येकाला तिनं गल्ली दिली," मी म्हणाले, "आणि तिच्या दारावरून तुम्ही चवड्यांवर जाता! प्रार्थना करता तिच्यासाठी? तिला बहिरी समजलात की देवाला?" आणखीही बरंच बोलले. विटांचे पाळक फर्निचरवाल्यांकडे बघायला लागले, फर्निचरवाले विटांच्या पाळकांकडे, आणि दगडी चर्चच्या त्या घरभेटीवाल्या बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटत होतं, या दोन्ही चर्चची माणसं जात असतील. कुणीही स्वतःची बाजू मांडली नाही. तेवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिना वाजायला लागला तो थांबेना. तिन्ही पाळक, दगडीवाल्या बाई, गिटारवाली मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी. तीन थर्मास आणि एक आख्खं पातेलं सूप. खुर्च्या पुरेनात, काही जण खाटेच्या कडेला टेकले. पाळकसाहेब तिचा हात धरून बसले. मावशी फार छान वागली. तिनं सगळ्यांना चहा द्यायला लावला, सहाही कप एकदाचे वापरात आले आणि मला शेजारून आणखी आणावे लागले. गिटारवालीला तिनं टाच बदलून घे म्हणून सांगितलं. नव्या व्हॅनचं विचारलं. निघताना एकेकाचे आभार मानले.

मी खूश होते. सांगायला लाज नाही, मी खूश होते. भांडून का होईना, तिच्या दारी माणसं आणली होती. दार लावून मी वळले तर ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. कुणी काही हरवून बसावं तसं.

"तू सांगितलंस त्यांना."

"हो. आणि पुन्हा सांगेन."

"मी इथं रोज ऐकत पडले होते गं," ती म्हणाली. "वाटायचं, आज नाही तर उद्या कुणाला तरी आठवेल. कुणी तरी न सांगता दार वाजवेल. आता ते आपणहून आले असते की नाही, हे मला कधीच कळायचं नाही."

"आणि नसतेच आले तर? तशीच पडून राहिली असतीस?"

तिनं थोडा विचार केला. माझी मावशी उगीच काही बोलायची नाही.

"राहिले असते," ती म्हणाली. "वाट तरी बघता आली असती."

त्यानंतर ते रोज आले. पाळी लावून, नेमानं, अगदी मनापासून. कुणी सूप आणलं, कुणी वाचून दाखवलं, गिटारवाली तर तिच्या पायांना तेल चोळायची. ती गेली तेव्हाही दगडीवाल्या बाई उशाशी होत्या. आज कुणी मला विचारलं तर मी हेच म्हणेन की मी बरोबर केलं, तिला तसं टाकून मला गप्प बसता आलंच नसतं. पण मी तिथं होते आणि मी बघितलंय. त्या दुपारनंतर जिन्यात कितीही पावलं वाजली, तरी मावशीनं मान वर केली नाही.