वत्सलाकाकीच्या भुयारातली मोजणी

आमच्या गावात दत्तारामाला जाणता माणूस म्हणतात. मीही म्हणायचो. आता म्हणताना जीभ अडखळते, कारण त्याच्या शब्दावर विसंबून पंचायतीत जे निवेदन गेलं, ते माझ्या अक्षरात आहे.

दत्ताराम मूळचा दोडामार्गाकडचा. विशीत डिचोलीला खाणीवर आला आणि मोजणीदाराच्या हाताखाली साखळी धरायला लागला. साखळी ओढायची, खुंट्या मारायच्या. तोंडाचा गोड, म्हणून लोकांची समजूत घालायचं कामही त्याच्याकडेच आलं. पुढे निवृत्त झाला, तरी डोंगराबद्दल काही अडलं की लोक त्यालाच विचारत.

२०११च्या दिवाळीनंतर पेडण्याची सुमंगला गावात आली. ती भौतिकशास्त्रात संशोधन करत होती. आकाशातून अतिसूक्ष्म कण सतत पडत असतात, आपल्या अंगातून आरपार जातात; वर डोंगर असला तर त्यातले किती खाली पोचतात, ते तिला मोजायचं होतं. त्यासाठी वत्सलाकाकीचं भुयार हवं होतं. काकीच्या कुळागरामागे, म्हणजे पोफळीच्या बागेमागे, डोंगरात पाण्यासाठी खणलेलं हे भुयार एके काळी बारमाही वाहायचं. खाण खोल गेली तसं ते आटलं आणि पोफळी उभ्या वाळल्या. काकी एकटीच. तिनं पोरीला भुयार दिलं आणि राहायला पडवीतली खोलीही दिली. काळ्या कागदात गुंडाळलेल्या दोन पेट्या आत ठेवून सुमंगला आकडे टिपू लागली.

आमच्याकडे कुणी यंत्र घेऊन डोंगराकडे गेलं की लोक नव्या खाणीची धास्ती घेतात. देवळासमोर बैठक बसली. सुमंगलेनं तासभर समजावलं. शेवटी कुणीतरी विचारलं, याचा उपयोग काय?

"आज तरी काही नाही," ती म्हणाली. "फक्त मोजायचं आहे. कळावं म्हणून."

दत्ताराम ताडकन उठला. "फकत मोजूचा आसा म्हणतत, त्येंचा कधी खरा मानू नकात. माका ठावक आसा."

कसं ठाऊक, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. तिची मोजणी थांबवा असं निवेदन मी लिहिलं, चांगलं झोकात लिहिलं, 'खनिजांचा गुप्त शोध' असे शब्द पदरचे घातले. पन्नास सह्या पडल्या. चौथ्या दिवशी काकीनं पोरीची पिशवी पडवीबाहेर ठेवली. पेट्या रिक्षात चढवताना सुमंगलेनं एवढंच विचारलं, आणखी दोन महिने मिळतील का? मी आंब्याच्या झाडाकडे बघत उभा राहिलो.

पुढच्या वर्षी राज्यातल्या खाणीच बंद पडल्या. काकीच्या डोंगरावर कुणी फिरकलं नाही. आणखी दोन वर्षांनी काकीच्या नावे टपालानं एक जाड पुस्तक आलं, सुमंगलेचा प्रबंध. इंग्रजी वाचायला काकीनं मला बोलावलं, दत्तारामही आला. आत आकडेच आकडे. खाण नाही, खनिज नाही. आभारांत काकीचं नाव होतं. भुयाराच्या प्रकरणाखाली एक ओळ होती: ही मोजणी अपुरी राहिली. कारण दिलेलं नव्हतं. तिनं आमची अब्रू झाकली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दत्ताराम मान खाली घालून बसला होता. "काकी," तो म्हणाला, "चौऱ्याहत्तर सालात तुमच्या डोंगरार साखळी घेवन मीच इलंय. कित्याक मोजतत, म्हणान तुमी इचारलात. साहेबान शिकवल्यान तसा मी सांगलंय, काय नाय, फकत मोजूचा आसा. खाण येतली ता माका ठावक होता. म्हणान त्या चेडवाचा, सुमंगलेचा, माका पटूक नाय."

म्हणजे आम्ही ज्याला अनुभव समजून सह्या केल्या, ती त्याची स्वतःची थाप होती.

काकी चष्मा पुसत राहिली. "माका ता तेवाच कळला," ती म्हणाली. "सांगताना तू माझ्या तोंडाकडे बघूक नाय. त्या चेडवान सरळ बघल्यान. खरा कोण ता माका कळत होता रे. तरी पिशवी मीच भायर ठेवलंय, गावातली माणसा माझ्याशी बोलणा सोडतली म्हणान."

मग ती माझ्याकडे वळली. "तुझा अक्षर बरा. तिका पत्र लिही. भुयार रिकामा आसा म्हणान सांग."

तेवढं लगेच लिहून झालं. ते निवेदन माझं होतं, ही पुढची ओळ लिहिण्याआधी मी तीन कागद फाडले.